बेदाणा शेडसाठी शिवून घेतलेले धूळपडदे : दोन हंगाम वापरल्यावर

अथणीतल्या त्या दुकानात मी पहिल्यांदा गेले तेव्हा शिलाई मशीनवर बसलेल्या अण्णांनी जाळीचा दर सांगायच्या आधी विचारलं, "गाळी याव कडिंद बरतद्री, अक्का?" वारं कुठल्या बाजूनं येतं? मी म्हणाले, माळावरचं शेड आहे, चारी बाजूंनी लागतं. त्यांना ते पटलं नाही. "चारी बाजूंनी एकदम येत नसतंय. कुठल्या महिन्यात कुठनं येतंय ते बघून या, मग कापड कापतो." माप घेऊन गेलेली मी माप न देताच परत आले. त्या दिवशी राग आला होता. आज दोन हंगाम झाल्यावर सांगते, त्या पडद्यांपेक्षाही मला तो प्रश्न जास्त उपयोगी पडला. शेडला पडदे घ्यायचा विचार करणाऱ्या सगळ्यांसाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आमचं गाव कर्नाटकातल्या अथणी तालुक्याच्या उत्तर कडेला, महाराष्ट्रातल्या जतच्या हद्दीला टेकून. माझं माहेर जत तालुक्यातलं, त्यामुळं लग्नानंतर राज्य बदललं तरी माळ आणि वारं तेच राहिलं. दोन एकर द्राक्षबाग आहे, बरीचशी थॉमसन जातीची आणि थोडी माणिक चमन. घरापासून अर्ध्या किलोमीटरवर मुरमाड माळावर 120 फूट लांब, 14 फूट रुंद शेड. बाग मालक बघतात. शेडचं सगळं, द्राक्षं बुडवण्यापासून बेदाणा पेटीत भरेपर्यंत, मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना आम्ही आत्या म्हणतो.

ज्यांनी बेदाणा फक्त खाल्लाय त्यांच्यासाठी थोडं सांगते, म्हणजे धुळीचं दुखणं कळेल. एक लिटर पाण्याला 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि 15 मिली डिपिंग ऑइल, अशा द्रावणात द्राक्षं दोन-चार मिनिटं बुडवायची आणि रॅकच्या जाळीवर पसरायची. सालीवरचा मेणाचा थर त्यानं सैल होतो आणि आतलं पाणी लवकर बाहेर पडतं. पंधरा-वीस दिवसांत चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो. रंग हिरवा राहायचा तर सावली पाहिजे आणि पाणी उडायचं तर वारं पाहिजे. म्हणजे ज्या वाऱ्यावर आमचा माल वाळतो, त्याच वाऱ्यावर फुफाटा येऊन मालावर बसतो. शेड सगळं बंद करावं तर आत दमटपणा कोंडतो, मणी काळवंडतो, बुरशी धरतो. उघडं ठेवावं तर बेदाणा दाताखाली कचकचतो. त्यात पहिले चार-पाच दिवस सगळ्यात वाईट, कारण मणी ओला आणि तेलकट असतो. तेव्हा बसलेली धूळ सुरकुत्यांच्या आत जाते, मग बेदाणा साफ करायच्या मशीनवर कितीही झटका, निघत नाही. आठव्या-दहाव्या दिवसानंतर बसलेली धूळ मात्र बरीचशी झडते. पडदा कधी पाडायचा आणि कधी गुंडाळायचा, हे सगळं या एका फरकावर चालतं.

2023 च्या हंगामात मी सोपा मार्ग धरला होता. एका दुकानातून, ते या सीमेच्या पलीकडचं, जाड प्लॅस्टिकची ताडपत्री आणली आणि पूर्वेच्या बाजूला पूर्ण लांबीनं बांधली. "वारं आत येणारच नाही" असं सांगून विकली होती, आणि मला तेच हवं होतं. एप्रिलमध्ये एका संध्याकाळी वळीव उठला. ताडपत्री आधी शिडासारखी फुगली, मग तिनं कडेचे दोन खांब वाकवले, मग मधोमध फाटली. जिथं फाटली नाही तिथंही आतल्या रॅकवर धुळीचा थर बाहेरच्यापेक्षा जाड बसला होता. हे मला कितीतरी दिवस समजत नव्हतं. वारं अडवलं तर धूळ आत आली कशी? तक्रार केली तर त्यांनी बांधणी चुकली म्हणून सांगितलं, पैसे गेले ते गेले. तीन थरांतला माल शेवटी खालच्या प्रतीत घालावा लागला.

म्हणून मे 2023 मध्ये मी अथणीला अण्णांच्या दुकानात गेले होते, आणि त्यांनी मला वारं बघायला परत पाठवलं.

मी बघायला लागले. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर, तारखेच्या चौकोनात, वारं कुठनं, किती वाजता, धूळ होती की नव्हती, एवढंच लिहायचं. शेडच्या चारी कोपऱ्यांवर जुन्या साडीच्या चिंध्या बांधल्या. आत्यांना हे पहिल्यांदा विचित्र वाटलं, नंतर त्याच मला हाक मारून सांगू लागल्या, "आगं, बघ बघ, चिंधी फिरली." त्यांना मागच्या पन्नास वर्षांचं आठवतं, आणि त्यांची आठवण महिन्यांत नसते, नक्षत्रांत आणि सणांत असते. माझ्या चौकोनांत त्यांच्या आठवणी मिळवल्यावर आमच्या माळाचं धुळीचं वर्ष असं दिसलं.

शिमग्याच्या आगेमागे, फेब्रुवारी-मार्चमध्ये, मोठं वारं नसतंच. सकाळी पूर्वेकडून हलकी झुळूक, बेदाण्याला सगळ्यात चांगली. पण दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान भोवरे उठतात. आभाळ निरभ्र, झाडाचं पान हलत नाही, आणि पडीक रानातून एकदम धुळीचा खांब फिरत निघतो. आत्या अजून त्याच्या वाटेतून बाजूला होतात आणि तोंडानं काहीतरी पुटपुटतात. उन्हानं मुरूम तापतो, त्याच्या अंगावरची हवा तापून वर जाते, तिची जागा घ्यायला बाजूची हवा धावते आणि धावताना फिरकी घेते. दोन-चार मिनिटांचा खेळ. पण तो शेडमधून गेला तर दहा फुटांचा पट्टा मातीनं माखतो, आणि नेमकी हीच वेळ आमच्या ओल्या मालाची. या भोवऱ्याला दिशा नाही. अण्णांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "त्याला पडदा नको, त्याला खाली पट्टी पाहिजे." त्याबद्दल पुढं लिहिते.

पाडव्यानंतर वळवाचे दिवस. एप्रिल आणि मे. दुपारभर उकाडा, चारच्या सुमाराला लांब आभाळ काळं होतं, आणि मग पाऊस यायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी धुळीची भिंत येते. आमच्या कॅलेंडरवर अशा बहुतेक संध्याकाळी पूर्व नाहीतर ईशान्य लिहिलेलं आहे, दोन-तीनदा दक्षिण. माझा मुलगा धारवाडच्या कृषी विद्यापीठात शिकतो. त्यानं यातली गंमत समजावली. ढगातून पाऊस पडायला लागतो, पण खालची हवा इतकी कोरडी असते की थेंब वाटेतच आटतात. आटताना ते हवेतली उष्णता घेतात. हवा गार होते, जड होते, धाडकन खाली येते आणि जमिनीवर आदळून चारी बाजूंना पसरते. त्या पसरणाऱ्या गार हवेच्या पुढच्या काठावर धूळ उचलली जाते. म्हणूनच धुरळ्याच्या आधी किंवा त्याच्याबरोबर अंगाला एकदम गारवा लागतो आणि लांबच्या भिजलेल्या मातीचा वास येतो. सुदानमध्ये खार्टूमकडं मे ते सप्टेंबरमध्ये अशीच भिंत येते, त्याला तिकडं हबूब म्हणतात. आता मी त्या गारव्यावर लक्ष ठेवते. गार झुळूक लागली की हातातलं काम टाकून शेडकडं पळायचं. आमच्याकडं हाच सगळ्यात भरवशाचा इशारा. हवामान खात्याच्या मौसम ॲपवर तीन तासांचा जिल्हावार इशाराही येतो. मी बेळगाव, विजापूर आणि सांगली तिन्ही बघते, कारण आमच्या माळावर येणारा ढग आधी शेजारच्या जिल्ह्यात उठलेला असतो.

रोहिणी संपायला आल्या की वारं पालटतं. आता ते पश्चिमेकडून, नैऋत्येकडून, आणि दिवसरात्र. वळवासारखं अर्ध्या तासात संपत नाही. खानापूर-जांबोटीच्या बाजूला सह्याद्री पाऊस काढून घेतो आणि आमच्यापर्यंत नुसतं वारं येतं. ढालगाव-जतच्या पठारावर पवनचक्क्या उगीच उभ्या केलेल्या नाहीत. त्यांचा खरा हंगाम म्हणजे हेच पावसाळ्याचे महिने. मृगाचा पाऊस झाला तर धूळ बसते आणि वारं नुसतं वारं राहतं. मृग कोरडा गेला तर मात्र नांगरलेली, कुळवलेली, रोटर मारून पीठ केलेली रानं उघडी असतात आणि त्यावरून दीड-दोन महिने वारं सुटतं. 2023 ला हेच झालं. त्या वर्षीचा ऑगस्ट देशभरातच 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता. कॅलेंडरच्या त्या पानावर माझे 19 चौकोन "प. धूळ" असे आहेत. श्रावणात आमच्या दारात फुफाटा होता. आत्यांना दमा आहे. नागपंचमीला त्या खोलीच्या बाहेर आल्या नाहीत.

पुढं बाजरी, उडीद, तूर रान झाकतात आणि धूळ संपते. थंडीत वारं पडतं. ऊसतोड सुरू झाल्यावर रस्त्याकडेला जो धुरळा असतो तो ट्रॅक्टर-ट्रकांचा. त्याला पडदे लागत नाहीत, पाणी मारावं लागतं.

हे सगळं एकत्र बघितल्यावर मला एक गोष्ट कळली. धुळीचा हंगाम म्हणजे वाऱ्याचा हंगाम नव्हे. वारं मोठं, जमीन कोरडी आणि जमीन उघडी, ही तिन्ही एका वेळी जुळली तरच धूळ. इराणच्या सीस्तानात मेअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत 120 दिवसांचं वारं म्हणून प्रसिद्ध वारं सुटतं, आणि ते त्यांचे कोरडे महिने, त्यामुळं तिकडं सगळा काळ धुळीचा. आमच्याकडं मोठं वारं आणि पाऊस एकत्र येतात म्हणून आपण वाचतो. पाऊस चुकला की आपणही त्याच रांगेत.

जानेवारी 2024 मध्ये मी कॅलेंडरची पानं घेऊन परत अण्णांकडं गेले. त्यांनी चष्मा लावून एकेक पान उलटलं. कन्नडच्या जागी मराठीत लिहिलेलं होतं, मी वाचून दाखवलं. "आता झालं," म्हणाले, आणि खडूनं फरशीवर शेडचं चित्र काढलं.

आता पडद्यांबद्दल.

त्यांनी पूर्ण बंद कापड द्यायला सरळ नकार दिला. मोठ्या वाऱ्यात बंद कापड म्हणजे शीड, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. 13 मे 2024 ला मुंबईत घाटकोपरला अशाच धुळीच्या वादळात अवाढव्य जाहिरात फलक कोसळून 17 माणसं गेली. ती बातमी बघताना मला माझे वाकलेले खांब आठवले, अंगावर काटा आला. दुसरं कारण म्हणजे माझ्या जुन्या कोड्याचं उत्तर. भिंतीसारखी आडकाठी असली की वारं तिच्यावरून उडी मारतं आणि पलीकडं गरागरा फिरत खाली येतं. त्या फिरण्यात धूळ आत टाकली जाते. जाळी निम्मं वारं जाऊ देते, निम्मं थोपवते, त्यामुळं पलीकडं हवा मंद होते पण गरगरत नाही. मंद हवा धूळ उचलून धरू शकत नाही, जड कण तिथंच खाली पडतात. ताडपत्रीच्या आतल्या बाजूला धूळ जास्त का होती, ते मला खडूच्या त्या चित्रावर कळलं.

जाळी 75 टक्क्यांची, हिरवी, उन्हाला टिकणारी. लक्षात ठेवा, हे टक्के सावलीचे असतात, धुळीचे नव्हेत. जाळीवाले तोंडानं काहीही सांगतात. हातात धरून सूर्याकडं बघा, दोन बोटांत ताणून बघा. चांगल्या जाळीची वीण ताणल्यावर सरकत नाही.

जाळीच्या खालच्या 3 फुटांना त्यांनी जाड ताडपत्रीची झालर जोडली. मी म्हणाले, बंद कापड नको म्हणता आणि हे काय? तर सांगितलं की वाळू आणि जाड माती वाऱ्यावर उडत नाही, उड्या मारत चालते, गुडघ्याच्या आतबाहेर. तीच उडी मारताना जमिनीवर आपटते आणि बारीक धूळ वर उडवते. तिला खालीच अडवली की अर्धं काम झालं. भोवऱ्यासाठीची पट्टी म्हणत होते ती हीच. झालरीच्या तळाला नळीसारखी शिवण आहे, त्यात लोखंडी नळी सरकवायची, म्हणजे ती जमिनीवर घट्ट बसते.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यासाठी मी या दुकानाचं नाव लोकांना तोंडानं सांगत फिरते. चारी बाजूंचे पडदे वेगवेगळे शिवले. पूर्वेचा पडदा दोरी आणि गिरक्यांवर (म्हणजे कप्प्यांवर), खालून वर गुंडाळला जाणारा. एक माणूस एका ओढीत 40 फूट पाडू शकतो, असे तीन तुकडे. कारण वळवाच्या वेळी हातात वीस मिनिटं असतात आणि बहुतेक वेळा शेडवर मी एकटी असते. पश्चिमेचा पडदा साधा, आयलेट (दोरी ओवायची धातूची कडी) आणि दोरीनं बांधलेला, कारण पश्चिमेचं वारं सुटेपर्यंत आमचा बेदाणा निघालेला असतो. दक्षिण-उत्तरेच्या टोकांना कायमची जाळी. सगळीकडं गिरक्या लावल्या असत्या तर बिल वाढलं असतं. त्यांनी स्वतःहून कमी केलं.

खर्च मांडते, कारण विचारणारे तेच आधी विचारतात. दोन लांब बाजू आणि दोन टोकं मिळून 10 फूट उंचीनं 2,680 चौरस फूट जाळी, 4 रुपयांनी 10,720. झालर 804 चौरस फूट, 6 रुपयांनी 4,824. शिलाई आणि आयलेट 5,200. दोरी, गिरक्या, नळ्या 4,300. एकूण 25,044. वरचे 44 त्यांनी सोडले. ताडपत्रीवर मी त्याआधी 14 हजार घालवले होते.

कोपऱ्यांबद्दल खास लिहायला पाहिजे. जाळी कुठंही फाटते ती पहिल्यांदा कोपऱ्यातल्या आयलेटजवळ. आमच्या भागात अथणी, मदभावी, निपाणीकडं कोल्हापुरी चपलांचं काम पिढ्यान् पिढ्या चालतं. 2019 ला कोल्हापुरी चपलेला जे भौगोलिक मानांकन मिळालं त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे कर्नाटकातले जिल्हेही आहेत. अण्णा त्या कारागिरांकडून कातड्याचे तुकडे आणतात आणि प्रत्येक कोपऱ्याला जाळीच्या दोन्ही बाजूंनी कातड्याची चकती लावून त्यातून आयलेट ठोकतात. दोन हंगामांत एकही कोपरा फाटलेला नाही. पावसात भिजून चकत्या कडक होतात, म्हणून हंगाम संपल्यावर मी त्यांना एरंडेल लावते.

आता अनुभव. 2024 ला एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पहिली परीक्षा झाली. त्या दिवशी दुपारीच सहाशे किलो द्राक्षं बुडवून पसरली होती. साडेचारला गार झुळूक लागली. मी आणि मजुरीला आलेली एक पोरगी, दोघींनी तीन ओढींत पूर्व पाडली, नळ्या टाकल्या. धुरळा आला तेव्हा समोरची बाभळ दिसेना. जाळी फुगली, पण थरथरत राहिली, शिडासारखी ताणली नाही. अर्ध्या तासानं पाऊस पडून गेल्यावर आत बॅटरी मारून बघितलं. खालचे दोन थर झालरीमागं स्वच्छ. मधल्या थरांवर बोट फिरवलं तर बारीक पावडर बोटाला लागली, पण थर नव्हता. झालरीच्या बाहेर पायथ्याशी मातीची वीतभर उंच वरंबी झाली होती. ती सगळी गेल्या वर्षी माझ्या बेदाण्यात गेली होती. त्या वरंबीकडं बघून आत्या म्हणाल्या, "एवढं आपुन खाल्लं असतं की गं." त्या वर्षीचा माल तासगावच्या सौद्यात पहिल्या प्रतीत गेला.

2025 च्या हंगामात भोवऱ्यांचा त्रास जास्त होता. आमच्या शेजारचं रान पडीक पडलंय, त्यातून ते उठतात. झालरीमुळं खालून येणारा मारा थांबतो. पण भोवरा डोक्याएवढ्या उंचीवरून जाळीत घुसला तर तिथल्या थरांवर धूळ बसतेच. हे पडद्याचं अपयश म्हणावं की नाही मला ठरवता येत नाही, पण घेणाऱ्याला ठाऊक असावं. जाळीचं भोक मिलिमीटरभराचं आणि खरी बारीक धूळ मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून लहान. ती जाळीतून जाणारच. 22-23 जानेवारी 2022 ला कराचीकडून समुद्र ओलांडून आलेली धूळ मुंबईवर पसरली होती, तशी धूळ कुठल्याही शेडनेटनं थांबणार नाही. कुणी तसं सांगून जाळी विकत असेल तर घेऊ नका. आणि घरात दम्याचं माणूस असेल तर खिडकीला शेडनेट लावून निश्चिंत होऊ नका. आम्ही आत्यांच्या खोलीची खिडकी पश्चिमवाऱ्यात बंदच ठेवतो, फटींना कापडी पट्ट्या लावतो आणि फरशी झाडत नाही, ओल्या फडक्यानं पुसतो.

दुकानाच्या चुका सांगते. पडदे सांगितलेल्या दिवसापेक्षा सहा दिवस उशिरा मिळाले, आणि द्राक्ष काढणीच्या तोंडावर सहा दिवस म्हणजे खूप. रोज फोन करावा लागला. दुसरी चूक जास्त गंभीर. शिलाईला वापरलेला पांढरा दोरा उन्हात कुजला. जाळी उन्हाला टिकणारी आणि दोरा साधा, असं करून चालत नाही. या मार्चमध्ये पूर्वेच्या मधल्या तुकड्याची शिवण हातभर उसवली, तीही मंगसुळीच्या खंडोबाला गेलेलो असताना. परत येऊन बघते तो झालर लोंबत होती. पडदा काढून अथणीला न्यावा लागला, अर्धा दिवस गेला. अण्णांनी वाद घातला नाही. चूक मान्य केली, काळ्या जाड दोऱ्यानं तिन्ही तुकडे पुन्हा शिवून दिले, पैसे घेतले नाहीत. पण तो अर्धा दिवस शेड पूर्वेनं उघडं होतं आणि मी तिथं श्वास रोखून होते. नवीन घेणाऱ्यांनी आधीच सांगा, दोरा काळा, उन्हाचा.

झालरीच्या तळाच्या नळीत पावसाचं पाणी साठतं. मी स्वतः दर चार फुटांवर तापलेल्या खिळ्यानं भोकं पाडली. उंदरांनी उत्तर टोकाची जाळी कुरतडली, ते दुकानाच्या माथी मारत नाही.

मुलानं मला अमेरिकेतल्या मैदानांची हकीकत वाचून दाखवली होती. तिकडं गवताळ माळ नांगरून गहू केला, 1930 च्या दशकात पाऊस हटला, आणि उघड्या रानांतून अशी वादळं उठली की 14 एप्रिल 1935 या रविवारी भरदिवसा अंधार झाला. त्यांचाही एप्रिलच. मग सरकारनं 1934 ते 1942 या काळात उत्तर डकोटापासून टेक्सासपर्यंत शेतांच्या कडेनं 22 कोटी झाडं लावली. तीही जाळीच, जिवंत आणि मोठी. झाडांची ओळ आपल्या उंचीच्या दहा पट लांबपर्यंत वाऱ्याचा जोर कमी करते. हे ऐकल्यावर मी शेडच्या पूर्वेला 60 फुटांवर बांधावर शेवरी आणि सुबाभळीची दोन ओळींची लागण केली आहे. अजून खांद्याएवढीच आहे. शेजारच्या पडीक रानवाल्यांना भेटून निदान मार्चपर्यंत तरी रोटर मारू नका, काडं उभं राहू द्या, म्हणून विनंती केली. त्यांनी या वर्षी ऐकलं, नांगरट पाडव्यानंतर केली. काळ्या रानाची ढेकळं वाऱ्याला हलत नाहीत, तीच रोटरनं दळली की पीठ होऊन उडतात. पडद्यावर 25 हजार घालणाऱ्या प्रत्येकानं एवढं बोलणं शेजाऱ्याशी करावं असं मला मनापासून वाटतं, कारण माझ्या शेडातली धूळ त्याच्या रानातली माती आहे, आणि ती त्यालाही परत मिळत नाही.

गुण द्यायचे तर पाचपैकी चार. एक दोऱ्याचा आणि उशिराचा कापला. मापाची समज, कोपरे, आणि नको ते न विकण्याची सचोटी यांना पैकीच्या पैकी. त्यांच्याकडं जायचं असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जा, जानेवारीत गर्दी असते. शेडची दिशा, आजूबाजूला कुठलं रान पडीक आहे, आणि निदान एका उन्हाळ्याचं वारं लिहून न्या. मराठी त्यांना चांगलं समजतं, बोलतात थोडं कन्नड थोडं मराठी.

आता बेदाणा निघालाय, शेवटची पेटी परवा भरली. पूर्वेचे तिन्ही तुकडे धुवून, वाळवून, चकत्यांना तेल लावून माळ्यावर ठेवलेत. पश्चिमेचा पडदा मात्र काढलेला नाही. तो सोडवून घराच्या पश्चिम अंगाला, आत्यांच्या खिडकीसमोर बांधायचा आहे, पण लांबी जास्त होते, उंची कमी पडते. काल अण्णांना फोन केला. त्यांनी विचारलं, खिडकी जमिनीपासून किती उंच, आणि पश्चिमेला मोकळं रान किती लांब? मोजून सांगते म्हटलं. रोहिणी लागायच्या आत पाहिजे, हेही सांगितलं. काळ्या दोऱ्यानं, असं त्यांनीच आधी म्हटलं.